शहाबादी टेबलाचा ढाळ आणि सलग एकशे त्रेचाळीस बॉल

प्रश्न असा होता: उमरग्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या हॉलमध्ये, एका गवंड्याने पूलच्या टेबलावर सलग एकशे त्रेचाळीस बॉल पाडले, त्यांपैकी किती त्याच्या हाताने पाडले आणि किती टेबलाने?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडी माहिती देतो. टेबलाला सहा पॉकेटे असतात. चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर एकेक. पंधरा रंगीत बॉल असतात आणि एक पांढरा. काठीने फक्त पांढऱ्याला मारायचे आणि पांढऱ्याने रंगीत बॉल पॉकेटात घालवायचा. आमच्या हॉलमध्ये 'सलग' नावाचा खेळ चाले. चौदा बॉल पडले की ते काढून पुन्हा त्रिकोणात मांडायचे, पंधरावा जिथे असेल तिथेच ठेवायचा आणि खेळ पुढे न्यायचा. बॉल चुकला की डाव संपला. तोवर जितके पडले तितकी संख्या खेळणाऱ्याच्या नावे.

एकशे त्रेचाळीस ही संख्या सुमारे वीस वर्षांपूर्वीची आहे. हॉलच्या तेव्हाच्या मालकांनी त्या दुपारी खडूने भिंतीवर पाच-पाच रेघांचे गट मारले होते. नंतर त्यांनी रेघा पुसून तिथे निळ्या ऑइल पेंटने तो आकडा लिहिला. माझ्या बाजूने एक गोष्ट आधीच सांगून ठेवणे योग्य होईल. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि त्या दुपारी तास बुडवलेली मुले शोधायला हॉलमध्ये शिरलो होतो. मुले सापडली नाहीत. त्या गवंड्याचा, म्हणजे मिस्त्रींचा, डाव साठाच्या पुढे गेला होता, आणि मी दारात उभा राहिलो तो डाव संपेपर्यंत. म्हणजे मी निःपक्षपाती साक्षीदार नाही. मी भारावलेला साक्षीदार आहे.

मिस्त्री मूळचे लोहारा तालुक्यातले, सास्तूरच्या शेजारच्या एका गावचे. भूकंपानंतर नवी गावे उभी राहिली तेव्हा ते विशीतले होते. त्या पुनर्वसनाच्या कामावरच त्यांनी फरशी बसवण्याचे काम शिकून घेतले. ओटे, मोऱ्या, न्हाणीघरे यांच्या किती फरश्या त्यांनी बसवल्या याची त्यांना स्वतःलाही मोजदाद नाही. पुढे ते उमरग्यात आले. हॉलच्या मालकांनी सोलापुरातून जुने टेबल आणले, तेव्हा ते उतरवताना त्याचा आतला काळा दगड तडकला. तसा दगड इकडे कुठे मिळणार? मिस्त्री म्हणाले, "शहाबादी बसवतो." सीमेपलीकडून आलेल्या जाड फरश्या त्यांनी पंधरा दिवस घासल्या, सांधे मिळवले, आणि वर गावातल्या शिंप्याने ब्लेझरचे हिरवे कापड ताणून ठोकले. कापडाचा पन्हा अपुरा पडला म्हणून मधोमध एक शिवण आली. पुढची वीस वर्षे उमरग्याची दोन पिढ्यांची पोरे त्या शिवणीवरून बॉल मारायला शिकली.

गेल्या दिवाळीनंतर हॉलमध्ये नवे टेबल आले. जुन्या मालकांची मुलगी आता हॉल चालवते. सगळे तिला ताई म्हणतात. नवे टेबल पुढे, जुने मागच्या दाराशी, आणि भिंतींना नवा रंग, असा तिचा बेत होता. भिंत रंगवायची म्हणजे आकडा पुसला जाणार आणि पुसला की तो पुन्हा लिहायचा की नाही, हे ठरवावे लागणार. जुने टेबल हलवण्याआधीच्या संध्याकाळी माझा एक माजी विद्यार्थी तिथे होता. त्याने स्थापत्यातली पदविका घेतली आहे, काही वर्षे पुण्यात राहून तिथल्या चांगल्या टेबलांवर तो खेळला आहे, आणि हल्ली रस्त्याच्या कामावर इकडेच असतो. त्याने मोबाईलमधली लेव्हल जुन्या टेबलावर ठेवली, दोन-तीन ठिकाणी सरकवून पाहिली आणि म्हणाला, "ताई, हे टेबल मागच्या दाराकडं उतरतंय."

"जुनं झालंय," ताई म्हणाली.

"जुनं नव्हं, ढाळ हाय. बॉल आपसूक त्या कोपऱ्यात जातोय. असल्या टेबलावर माझी आज्जी पण शंभर काढंल."

"मग आण की आज्जीला. तिच्याकडनं भाडं घेत न्हाय म्या."

सगळे हसले. तो हसला नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमीच शिकवलंय. उपकरण तपासल्याबिगर निरीक्षण वहीत उतरवायचं न्हाय. मग ह्यो आकडा भिंतीवर कसा काय?" आणि आवाज खाली आणून, "टेबल बसवलं मिस्त्रींनीच. खेळले बी मिस्त्रीच."

मिस्त्री तिथेच बाकावर चहा घेत बसले होते. त्यांनी अर्धा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले. खुर्चीवर न बसता पायरीवरच बसले.

"गुर्जी, ढाळ मुद्दाम दिला म्हणलं तर मी लबाड. चुकून दिला म्हणलं तर मला काम येत न्हाय. मोजून मोजून तुमी ह्या दोन्हीतलंच एक काढणार. त्यापरीस पुसू द्या की तो आकडा."

"आधी मोजू," मी म्हणालो. "काय निघेल ते मोजल्याशिवाय तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही."

"गावाला म्हायती झालंय. सकाळी एका घरी फरशीचं माप घ्याया गेलो, तर मालक म्हणतो, मिस्त्री, आमच्या मोरीचं पाणी मोरीतच जाईल न्हवं? का पॉकेटात?"

त्यांनी हे हसत सांगितले, पण ते माप न घेताच परतले होते. त्यांचे हात अजून काम करतात आणि पोट त्या हातांवर आहे. तेव्हा प्रश्न केवळ भिंतीचा राहिला नव्हता. मी ताईला टेबल आठ दिवस जागेवरच ठेवायला सांगितले आणि माजी विद्यार्थ्याला बोलावले. ज्याने शंका घेतली त्यानेच मापाला हात लावावा, असा माझा वर्गातलाही नियम होता.

मोबाईलवर माझा भरवसा नव्हता. आम्ही गवंड्यांची पाण्याची नळी वापरली. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, बुडबुडे झटकून काढायचे आणि तिची दोन टोके दोन कोपऱ्यांशी धरायची. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहते, म्हणून दगड किती वरखाली आहे ते पट्टीवर वाचता येते. मागच्या दाराकडचा आग्नेय कोपरा त्याच्या समोरच्या वायव्य कोपऱ्यापेक्षा सहा मिलिमीटर खाली निघाला. शंका खरी होती. माजी विद्यार्थ्याने माझ्याकडे पाहिले. मी आकडा वहीत लिहिला.

पण 'ढाळ आहे' आणि 'ढाळाने बॉल पाडले' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्यावरून दुसरे आपोआप सिद्ध होत नाही. खेळणाऱ्याचा हात बाजूला काढून फक्त टेबल काय करते ते पाहायला हवे होते. आम्ही अडीच इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला, त्याचे पन्हाळ लाकडी ठोकळ्यावर तिरके बसवले आणि त्यावर दोन खुणा केल्या. वरच्या खुणेवरून सोडलेला बॉल वेगाने जाई, खालच्या खुणेवरून सोडलेला हळू. टेबलाच्या मध्यापासून सहाही पॉकेटांकडे, दोन्ही खुणांवरून, प्रत्येकी वीस वेळा बॉल सोडायचा आणि नोंद करायची.

दोन दुपारी आम्ही हे केले. दुसऱ्या दुपारी मिस्त्री आले, दाराशी टेकून थोडा वेळ ऐकत राहिले, आणि मग म्हणाले, "गुर्जी, हे बॉल नवे हायेत."

"हो, नव्या टेबलाबरोबर आलेले."

"आवाज कोरडा येतोय. म्या ह्या बॉलनं खेळलो न्हाय."

चूक माझी होती, आणि अगदी पहिल्या यत्तेतली होती: जुने टेबल तपासायला मी नवे बॉल घेतले होते. ताईने कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात सोलापूरहून टेबलाबरोबर वापरलेलेच आलेले जुने बॉल होते, पिवळट झालेले, काहींना टवके गेलेले. व्हर्नियरने मोजले तर ते सगळेच नव्यांपेक्षा किंचित लहान भरले, आणि एकमेकांशीही सारखे नव्हते. पांढरा तर सर्वांत झिजलेला. लहान बॉलला तेच पॉकेट थोडे मोठे पडते. ही सवलत मिस्त्रींच्या विरुद्ध जाणारी होती आणि ती मिस्त्रींनी स्वतः आमच्या हाती दिली होती. बॉल बदललेला आहे हे त्यांनी सांगितले नसते तर ती आम्हाला कधी दिसलीच नसती. मी दोन दुपारींची पाने रद्द केली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

जे निघाले ते असे. थांबलेला बॉल या टेबलावर आपणहून कधीच निघत नाही. कापडाची पकड ढाळापेक्षा जास्त आहे. 'आपसूक जातोय' हे विधान इथेच पडले. वेगात सोडलेल्या बॉलला ढाळ जाणवतच नाही. मात्र थांबायला आलेला बॉल शेवटच्या वीतभर अंतरात वळतो, कधी दोन बोटे, कधी अडीच. आग्नेय कोपऱ्याकडे जाणाऱ्या हळू बॉलला याचा फायदा मिळतो. वायव्येकडे जाणारा बॉल पोहोचण्याआधीच दम सोडतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांकडे जाणारे बॉल ऐन पॉकेटाच्या तोंडाशी उताराच्या बाजूला सरकून काठावर आपटतात. मधल्या दोन पॉकेटांपैकी एकाला किंचित लाभ, दुसऱ्याला तितकीच हानी. ती एकमेकांत फिटतात. म्हणजे एका पॉकेटाची कमाई आणि तीन पॉकेटांचे नुकसान. झिजलेले बॉल आत जायला सोपे, पण आकाराने असमान असल्यामुळे एकमेकांवर नेमके आपटवायला अवघड. आणि मधली शिवण कोणाच्याच बाजूची नव्हती.

माजी विद्यार्थ्याने वही वाचली, मग स्वतःची काठी उचलली आणि त्या टेबलावर जुन्या बॉलनी सलग खेळून पाहिले. पुण्याच्या टेबलावर तो पन्नाशी ओलांडतो. इथे चौथ्या प्रयत्नात एकोणिसावर थांबला.

"आज्जीचा आकडा किती सांगू?" ताईने विचारले.

"ताई, गप की जरा," तो म्हणाला, आणि काठीला खडू लावत माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर, हे टेबल देतंय कमी आन घेतंय जास्त."

मिस्त्री दाराशीच होते. त्यांचा खरा प्रश्न अजून तसाच होता. ढाळ आला कुठून, याचे उत्तर माझ्या पन्हाळात नव्हते. त्यांनी टेबलाचे चारही पाय पाहिले, पायांखालचे चौथरे टेपने मोजले. चौथरे फरशीपासून तंतोतंत सारख्या उंचीचे होते. त्यांनी पुन्हा मोजले. मग माठातून तांब्या भरून घेतला आणि हॉलच्या मध्यावर जमिनीवर ओतला. गवंडी आपली फरशी अशीच तपासतो: पाणी ओतायचे आणि ते कुठे जाते ते पाहायचे. पाणी क्षणभर थांबले, मग एक जीभ काढून मागच्या दाराकडे निघाले, आग्नेय कोपऱ्याकडे.

मिस्त्री त्या पाण्याकडे पाहत उभे राहिले.

"ही फरशी माझीच," ते सावकाश म्हणाले. "हॉलच्या आदुगर इथं दुधाचं संकलन व्हतं. रोज धुवायचं, म्हणून ढाळ मागच्या दाराकडं दिला. आन टेबल बसवताना माप म्या ह्याच फरशीवरनं घेतलं."

पुढचे समजायला नळी लागली नाही. उतरत्या फरशीवर सारख्या उंचीचे चार चौथरे उभे केले की टेबल फरशीइतकेच उतरते. आपणच केलेली फरशी. तिला दुसऱ्यांदा कशाला तपासायचे, असे त्यांना त्या दिवशी वाटले असावे. फरशी तिच्या कामासाठी अचूक होती, आणि टेबलाचा विचारही कोणाच्या मनात नव्हता तेव्हाची ती होती. बॉलला पाण्यासारखा वाहू देण्याचा हेतू असण्याचे कारणच नव्हते.

"तुम्हाला ढाळ कधी कळला?" मी विचारले.

"खेळाया लागलो त्याच्या पंधराव्या दिवशी."

"मग चार पाचरी का नाही ठोकल्या?"

"मला वाटलं, दगड बसला. माझा सांधा खचला. गवंड्यानं आपल्या तोंडानं सांगायचं का, माझा दगड खचला म्हणून? लाज वाटली, गुर्जी. मग म्हणलं, हाय तसा खेळू. ढाळ सगळ्यांनलाच सारका व्हता."

"आणि खेळलात कसे?"

"चढाकडचे बॉल आदी. तिकडं हळू मारायचंच न्हाय, बॉल पॉकेटात जाऊस्तवर जीव राहील असंच मारायचं. उताराचा कोपरा शेवटी. तो कुठं पळून चाललाय?"

हे ऐकताना त्या दुपारचे एक दृश्य मला नव्याने समजले. प्रत्येक मांडणीच्या सुरुवातीला मिस्त्री वायव्येचे अवघड बॉल घेत, आणि मागच्या दाराचा कोपरा रिकामा ठेवत. दारात उभा असताना मला वाटले होते की हा माणूस सोपे सोडून अवघड धरतो आहे, कदाचित ऐट म्हणून. ती ऐट नव्हती. सगळे बॉल पडत गेले तर शेवटी जागा चुकलेला एखादा बॉल उरतोच. त्या एका बॉलसाठी त्यांनी टेबलाची एकुलती एक मदत राखून ठेवलेली असे. टेबलाच्या तीन वैगुण्यांचे उत्तर त्यांच्या हातात होते आणि एका मेहेरबानीचा जपून केलेला खर्च त्यांच्या डोक्यात होता. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की सदोष उपकरणाने काम करायचे तर त्याचा दोष आधी ओळखा, त्याची दिशा ओळखा, मग वाचन दुरुस्त करून घ्या. मी हे फळ्यावर शिकवले. मिस्त्रींनी हे सलग एकशे त्रेचाळीस वेळा केले.

ताईने मला भिंतीसाठी मजकूर लिहून द्यायला सांगितले. मी लिहिले: आकडा, शहाबादी दगड, ढाळाची दिशा आणि माप, झिजलेले बॉल. माजी विद्यार्थ्याने वाचून मान हलवली. मिस्त्रींनी मला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावले.

"एक राहिलं," ते म्हणाले. "टेबल बसवणारा आन खेळणारा एकच, आन माप फरशीवरनं घेतल्यालं, हे पण लिवा."

"त्याची गरज नाही," मी म्हणालो.

"कशी न्हाय? हे न्हाय लिवलं तर उद्या कुणीतरी हेच शोधून काढंल, आन पुन्ना माझ्याच मोरीवर येईल. म्या आजच सांगून टाकतो." आणि माजी विद्यार्थ्याकडे वळून, "तुज्या रस्त्याला बी ढाळ देत असशील की रं. कुठनं माप घेतोस ते बघून घे."

"घेतो, मिस्त्री," तो म्हणाला. आज्जीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

भिंत रंगवून झाली. आकडा पुन्हा निळ्याच रंगात आहे आणि त्याखाली पाच ओळी आहेत. शेवटची मिस्त्रींनी सांगितलेली. ती लिहिली जात असताना ते शिडी धरून उभे होते. दुसऱ्या आठवड्यात, ज्या घरून ते माप न घेता परतले होते, तिथे त्यांनी न्हाणीघराची फरशी बसवली. घरमालकाने शेवटी तांब्याभर पाणी ओतून पाहिले, असे त्यांनीच मला सांगितले, आणि ते त्यांना आवडलेले दिसले.

जुने टेबल अजून हॉलमध्ये, त्याच चौथऱ्यांवर, त्याच जागी आहे. ताईने शेवटी नवेच टेबल बाजूला सरकवले. पाचरी ठोकलेल्या नाहीत. जुने बॉल स्टीलच्या डब्यात आहेत, पन्हाळ आणि माझी वही ताईकडे आहे. माझ्या मोजणीत एक चूक मिस्त्रींना सापडली. आणखी असू शकतील, आणि मी त्या दुपारी भारावून उभा होतो हेही विसरू नका. म्हणून विनंती एवढीच: उमरग्यावरून जात असाल तर थांबा, पाण्याची नळी सोबत आणा, आणि हे सर्व स्वतः मोजून पाहा.